नदीची जागा, ज्येष्ठांची वाट

बदलापूरहून कर्जतच्या दिशेने निघालेल्या गाडीत खिडकीजवळ जागा मिळाली, तर वांगणी येईपर्यंत दृष्टी बाहेरच असू द्या. इमारतींची दाटी विरळ होत जाते, भातखाचरे दिसू लागतात आणि दूरवर माथेरानची डोंगररांग उभी राहते. याच टापूत अंबरनाथ तालुक्यातील चामटोली हे गाव आहे. श्रावणातील येथील हिरवाई पाहिली, की उतारवयात विसावण्यास अशीच जागा असावी, असे वाटून जाते. मुंबईतील खोली सोडून मुला-नातवंडांसह बदलापूर परिसरात राहावयास येणाऱ्या अनेक ज्येष्ठांची आशा याहून वेगळी नसते.

या निसर्गाचे दुसरे रूपही ध्यानात ठेवावयास हवे. 26 जुलै 2019 च्या रात्री मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस चामटोलीच्या परिसरात उल्हास नदीच्या पुराने वेढली गेली. सुमारे 1,050 प्रवासी रात्रभर अडकून पडले; त्यांत 9 गर्भवती होत्या. दुसऱ्या दिवशी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने, नौदलाने आणि स्थानिकांनी मिळून सर्वांची सुखरूप सुटका केली. गुडघ्यांनी साथ सोडलेल्या, औषधांच्या वेळा सांभाळणाऱ्या प्रवाशांना ती रात्र किती दीर्घ वाटली असेल, याची कल्पना आपण करू शकता.

नदीला पावसाळ्यात पसरण्यासाठी जागा लागते. काठावर भराव घातला, माती सिमेंटखाली गाडली, की पाणी नाहीसे होत नाही. ते दुसऱ्याच्या अंगणात शिरते. म्हणूनच आपल्या राज्यात नद्यांच्या पूररेषा आखल्या जातात. सरासरी 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची मर्यादा निळी रेषा दाखवते, तर 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची लाल रेषा.

नदीसाठी मोकळी ठेवावी लागणारी हीच भूमी उरलेले आठ महिने ज्येष्ठांच्या उपयोगी पडू शकते. तेथे इमारतींऐवजी झाडे, गवत आणि साधी पायवाट असेल, तर शहराला पुरापासून संरक्षण मिळते आणि वृद्धांना फिरावयास सावली. वृक्षांच्या नुसत्या दर्शनाचाही लाभ होतो. रॉजर उलरिक या अमेरिकन संशोधकाने 1984 मध्ये पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती, ते विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामके कमी लागली.

जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींनाही आठवड्याला किमान 150 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल सुचवते. मात्र वाट खडबडीत असेल, बसावयास बाक नसेल, स्वच्छतागृह जवळ नसेल, तर आजी-आजोबा घराबाहेर पडणेच टाळतात. पाठ टेकता येईल आणि हातांवर भार देऊन उठता येईल असा बाक, पायऱ्यांच्या जोडीला उतार, न घसरणारी फरशी आणि संध्याकाळी पुरेसा उजेड या गोष्टी लहान दिसतात. पण पडणे आणि एकटेपण या दोहोंपासून त्याच वाचवतात.

कुटुंबीयांनी एक प्रयोग अवश्य करावा. घरातील ज्येष्ठांसोबत त्यांच्याच चालीने फिरावयास जा. ते जेथे थांबून श्वास घेतात, तेथे बाक हवा. जेथे आपला हात धरतात, तेथे कठडा हवा. या नोंदी नगरपरिषदेकडे किंवा ग्रामपंचायतीकडे लेखी द्या. नवे घर घेण्यापूर्वी त्या जागेची पूररेषा विचारून घ्या. पावसाळ्यात नदीकाठ टाळा; औषधे आणि डॉक्टरांच्या चिठ्ठ्या जलरोधक पिशवीत हाताशी ठेवा. पुराच्या पाण्यातून चालावे लागलेच, तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. ताप येण्याची वाट न पाहता 3 दिवसांच्या आत डॉक्टरांचा सल्ला घ्या.

पुढील वेळी चामटोलीवरून जाताना त्या मोकळ्या शिवाराकडे पुन्हा एकदा पाहा. ते मोकळे राहिले, तर नदीला जागा मिळेल आणि आपल्या घरातील वडीलधाऱ्यांना वाट.