शिशाच्या पट्ट्या

मामू हंगामात दर रविवारी महालक्ष्मीला जायचे. रेसबुक उघडून मला सांगायचे, ‘हा साठ किलो घेऊन पळणार, तो पन्नास. हलक्यावर लावायचं!’

रेटिंग जास्त, तेवढं वजन जास्त. जॉकी हलका भरला तर खोगिराला शिशाच्या पट्ट्या. पण हँडिकॅपर वजनं ठरवतो तीच मुळी सगळ्या घोड्यांना सारखी संधी मिळावी म्हणून. मामूंना सापडलेली दहा किलोंची सवलत त्याने आधीच मोजलेली असे. बुकीच्या भावातही ती धरलेली असे.

प्रेषितांनीही (स.) मदिनेत शर्यती लावल्या, तयार घोड्यांची लांब, इतरांची जवळची. बघ्यांनी लावलेला पैसा मात्र जुगार. हे मामूंनाही ठाऊक होतं.

एकदा ते जिंकले. पुढच्या रविवारी दुप्पट लावून आले. मामींच्या बांगड्या त्यानंतर मी पाहिल्या नाहीत.