शेवटची तीन मिनिटे

फुटबॉल हा माझा खेळ नव्हे. सोलापूर जिल्ह्यातील ज्या गावी मी वाढलो, तेथे क्रिकेट आणि कबड्डी यांच्यापलीकडे आम्हा मुलांची मजल जात नसे. परंतु सरकारी नोकराची बदली झाली की ट्रंक-वळकटीबरोबर त्याच्या आवडीनिवडीही हलतात. केंद्र सरकारच्या एका कार्यालयात लिपिक म्हणून मी कोलकात्यास आलो, तेव्हा पहिल्याच आठवड्यात आमच्या बडेबाबूंनी विचारले, "मोहन बागान की ईस्ट बेंगॉल?" मी गोंधळून "दोन्ही" म्हणालो. त्या उत्तराची थट्टा आज पाच वर्षे चालू आहे.

सॅम्युएल कुफूरची ओळख मला याच बडेबाबूंनी करून दिली, आणि तीही माझ्या एका फार वाईट दिवशी. त्या दिवसाकडे मी येईनच; आधी हा गृहस्थ कोण ते सांगतो.

कुफूर हा घानातील कुमासीचा. अशांती लोकांची ही जुनी राजधानी. 1976 साली जन्मलेला हा मुलगा पंधराव्या वर्षाच्या सुमारास इटलीतील तोरिनो क्लबाच्या कुमार संघात गेला, आणि 1993 मध्ये जर्मनीच्या बायर्न म्युनिकने त्याला आपल्याकडे घेतले. आपण पदवी पदरात पाडून, स्पर्धा-परीक्षा देऊन, चांगले पंचविशीत परमुलखात येतो, तरी पहिले काही महिने ताटातल्या भाताकडे पाहून भाकरी आठवते. त्या पोराने आल्प्सच्या थंडीत काय आठवले असेल, कोण जाणे!

दोन वर्षांनी बायर्नने त्याला न्यूर्नबर्ग क्लबाकडे वर्षभर उसना दिला. फुटबॉलवाले याला 'लोन' म्हणतात. या मासिकाच्या वाचकांना ते समजावून सांगायला नको. ही शुद्ध प्रतिनियुक्ती. हक्क मूळ कार्यालयात, राबणे दुसऱ्याच्या दारी, आणि परत बोलावतील की नाही याची धाकधूक. कुफूरला परत बोलावले, आणि तो 2005 पर्यंत तेथेच राहिला.

त्याची जागा मध्य-बचावाची. उंचीने फार नव्हे, पण अंगाने दणकट आणि पायांत विलक्षण वेग. प्रतिस्पर्धी ज्या ठिकाणी चेंडू घेणार, तेथे त्याच्याआधी पोचणे हे त्याचे काम. ते नीट जमले की मैदानावर काहीच घडत नाही, आणि जे घडलेच नाही त्याला टाळ्या कोण देणार? गोल करणाऱ्याचे नाव फलकावर लागते. बचावपटूकडे सर्वांच्या माना वळतात त्या गोल झाल्यावर. लिपिकाचेही असेच नव्हे काय? दहा हजार कागद बिनचूक निघून जातात, त्यांची आठवण कोणी ठेवीत नाही.

बडेबाबूंनी मला दाखविली ती 26 मे 1999 ची बार्सिलोनातील चित्रफीत. युरोपच्या विजेतेपदाचा अंतिम सामना, समोर मँचेस्टर युनायटेड. सहाव्या मिनिटाला मारिओ बास्लरने बायर्नला गोल मिळवून दिला होता. पुढे दोनदा चेंडू गोलाच्या चौकटीवर आदळून परतला. नव्वद मिनिटे संपली, तरी बायर्न पुढेच. मग वाढीव वेळेच्या तीन मिनिटांत कोपऱ्यावरून दोन चेंडू आले: पहिल्यावर शेरिंगहॅमने गोल केला, दुसऱ्यावर सोल्शारने. संपले! कुफूर जमिनीवर कोसळला आणि मुठींनी ती हिरवळ बडवू लागला. पंच कोलिना त्याला उठवू पाहत होते. इतरही खेळाडू पडले होते, पण दुःख इतके उघडे टाकलेला तो एकटाच. याच शहरात 1992 च्या ऑलिंपिकमध्ये घानाने कांस्यपदक मिळविले होते, आणि त्या संघात पंधरा वर्षांचा कुफूरही होता.

आता माझा दिवस. आमच्या कार्यालयातील एक शिपाई वारला होता. त्याच्या पत्नीच्या निवृत्तिवेतनाचे कागद माझ्या मेजावर होते. ती दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात वर्धमानकडून लोकलने येई, मेजापाशी उभी राही, आणि मी सांगे, "कागद वर अडकले आहेत." सात महिने मी हे सांगितले. त्या दिवशी फाईल आक्षेपासह परत आली, तेव्हा कळले की तिचे जन्मवर्ष 1967 असताना मी 1976 लिहिले होते. अक्षर माझेच. टिपणीचा मसुदा मी तत्काळ तयार केला: "अनवधानाने चुकीची नोंद झालेली आढळते." कोणाच्या अनवधानाने? आपल्या कार्यालयीन भाषेची ही थोर सोय आहे. तिच्यात चुका होतात, कोणी करीत नाही.

बडेबाबूंनी मसुदा वाचला, काही बोलले नाहीत, आणि दुपारच्या चहाला ती चित्रफीत काढून माझ्यापुढे धरली.

"मग याचे पुढे काय झाले?" मी विचारले.

"सोमवारी कामावर गेला असेल," ते म्हणाले.

पुढचे मी नंतर स्वतः शोधून वाचले. दोन वर्षांनी, 23 मे 2001 रोजी, मिलानमध्ये बायर्नने व्हॅलेन्सियाला पेनल्टींवर हरवून तोच चषक जिंकला. बचावात कुफूर होताच. त्याच नोव्हेंबरात टोकियोला अर्जेंटिनाच्या बोका ज्युनियर्सविरुद्ध जादा वेळेत सामन्यातील एकमेव गोल झाला, तो या बचावपटूने केला. त्या वर्षी बीबीसीने त्याला आफ्रिकेतील सर्वोत्तम फुटबॉलपटू ठरविले. पुढचा प्रवास उतरणीचा: रोमा, तेथून लिव्होर्नो, मग आयॅक्स, शेवटच्या दोन्ही पुन्हा प्रतिनियुक्त्याच. आणि 2006 च्या विश्वचषकात, ज्या जर्मनीत त्याने बारा वर्षे काढली तेथेच, हॅनोव्हरला इटलीविरुद्ध त्याने गोलरक्षकाकडे मागे दिलेला चेंडू अपुरा पडला आणि याक्विंटाने गोल केला. त्या स्पर्धेत कुफूर पुन्हा मैदानात दिसला नाही. बारा वर्षांची बायर्नची चाकरी एका बाजूला, आणि तो एक चेंडू एका बाजूला. बडेबाबूंना हॅनोव्हर ठाऊक असणारच, पण ते त्यांनी मला दाखविले नव्हते.

त्या संध्याकाळी मी मसुदा फाडला. नव्या टिपणीत लिहिले की जन्मवर्ष मी चुकीचे उतरविले आणि सात महिन्यांचा विलंब माझ्यामुळे झाला. त्याबद्दल मला ज्ञापन मिळाले. ते माझ्या कागदांत आहे.

पुढच्या महिन्यात ती बाई आली. मी उभा राहिलो आणि माझ्या मोडक्यातोडक्या बंगालीत सांगितले की कागद वर अडकले नव्हते, चूक माझी होती. ती रागावेल, रडेल, निदान काही बोलेल, अशी माझी तयारी होती. तिने पदराने चेहरा पुसला आणि विचारले, "मग आता किती दिवस, बाबू?"

मी म्हटले, एकवीस. एकोणिसाव्या दिवशी आदेश निघाला. तो वर्धमानच्या पत्त्यावर पाठविण्यापूर्वी मी तिचे जन्मवर्ष तीनदा वाचून पाहिले.