कोळ्याचे जाळे

अर्थशास्त्र ही कला की विज्ञान, हा प्रश्न परीक्षेत पाच गुणांसाठी विचारला जातो. दोन्ही बाजू मांडून शेवटी 'दोन्हीही' असे लिहिले की गुण मिळतात. विद्यापीठांना असे उत्तर देऊन भागत नाही, कारण पदवीपत्रावर काहीतरी एक छापावे लागते. दिल्ली विद्यापीठ बी.ए. छापते, कोलकाता विद्यापीठात हाच विषय बी.एस्सी. म्हणून शिकता येतो, आणि आता पुण्यातही तो विज्ञानाच्या पदवीसाठी शिकवला जातो. नाशिक जिल्ह्यातील कांदा पिकवणाऱ्या एका घरातून अशा पदवीसाठी पुण्याला आलेल्या मुलीला हा फरक प्रथम घरच्यांनाच समजावून द्यावा लागला. बारावीला विज्ञान घेतलेल्या या मुलीला नातलगांनी मनोमन डॉक्टर, निदान इंजिनिअर, करून टाकले होते. 'सायन्सच आहे अण्णा, पण बाजाराचं,' असे तिने वडिलांना सांगितले. अण्णांनी क्षणभर विचार करून विचारले, 'मग भाव कधी वाढंल, ते त्यात सांगत्यात का?'

प्रश्न थट्टेचा नव्हता. ज्या विद्येला विज्ञान म्हणायचे तिने ग्रहणासारखे भाकीत करावे, ही अपेक्षा अण्णांची एकट्याची नाही. या विषयाच्या कित्येक पंडितांनीही ती बाळगली आहे. परंतु पदवीच्या नावात 'विज्ञान' हा शब्द आला तेव्हा त्याचा अर्थ असा नव्हता. लंडन विद्यापीठाने १९०१ मध्ये अर्थशास्त्राची बी.एस्सी. ही पदवी सुरू केली. त्या वेळी विज्ञान म्हणजे गणित असे कोणी मानत नव्हते. शिस्तीने, पुराव्यानिशी केलेला अभ्यास, एवढाच त्याचा अर्थ. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याच विद्यापीठाची एम.एस्सी. १९२१ मध्ये आणि डी.एस्सी. १९२३ मध्ये मिळवली. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा प्रबंध विज्ञानाच्या सर्वोच्च पदवीसाठी लिहिलेला. पण त्याचे बळ समीकरणांत नाही. टांकसाळी, चलनविषयक कायदे, सरकारी समित्यांचे अहवाल यांच्या साक्षी काढीत तो पुढे सरकतो. ग्रंथाला प्रस्तावना लिहिणारे प्राध्यापक एडविन कॅनन यांनी आपले मतभेद तिथेच नोंदवून ठेवले. ही रीत फार मोलाची, आणि आता दुर्मिळही.

आजच्या पदवीचा पहिला धडा मात्र कलनशास्त्राचा असतो. उपभोक्त्याचे समाधान हे एक फलन, त्याचे उत्पन्न ही मर्यादा, आणि लॅग्रांजचा गुणक लावून त्या मर्यादेत समाधान कमाल करायचे. मुलीला हे जड गेले नाही. जड गेले ते 'इतर परिस्थिती स्थिर आहे असे मानू' हे वाक्य. कारण तिच्या घरी इतर परिस्थिती कधी स्थिर राहिल्याचे तिने पाहिले नव्हते. तरीही त्या वाक्याची गरज तिला हळूहळू पटली. सगळेच एकदम हलते ठेवले तर काहीच मोजता येत नाही. संख्याशास्त्र आणि अर्थमिती यांनी तिला आणखी एक सवय लावली: 'यंदा सगळ्यांनीच कांदा लावला' असे कोणी म्हणाले की 'सगळ्यांनी म्हणजे किती जणांनी?' असे विचारण्याची. सुटीत घरी ही सवय फारशी कोणाला आवडली नाही.

दुसऱ्या वर्षी फळ्यावर एक आकृती निघाली. यंदा भाव चढला, म्हणून पुढल्या हंगामात लागवड वाढली. माल जास्त आला, भाव पडला. म्हणून लागवड घटली, भाव पुन्हा चढला. मागणी आणि पुरवठा यांच्या रेषांभोवती ही ये-जा काढली की कोळ्याच्या जाळ्यासारखी आकृती होते. तिला 'कॉबवेब' हे नाव १९३४ मध्ये निकोलस कॅल्डॉर याने दिले. तो स्वतः लंडनच्याच या बी.एस्सी.चा विद्यार्थी. भावाला पुरवठा मागणीपेक्षा कमी प्रतिसाद देत असेल तर जाळे आत मिटत जाते, अधिक देत असेल तर बाहेर फाकत जाते. वर्गातील इतरांनी आकृती उतरवून घेतली. ती मात्र पाहतच राहिली. घरी ज्याला नशीब म्हणत, ते सहा रेषांत मावले होते.

परंतु त्या आकृतीतला शेतकरी यंदाचाच भाव पुढेही राहील असे दरवेळी मानतो आणि दरवेळी फसतो. अण्णा असे काही मानत नाहीत. उन्हाळी कांद्याचे रोप टाकायचे ते ऑक्टोबर-नोव्हेंबरात, म्हणजे चाळीतला कांदा सरत आलेला आणि भाव बहुधा चढा असतो तेव्हा. माल निघतो तो एप्रिलच्या सुमारास. मधल्या काळात भाव उतरणार, हे त्यांना पक्के ठाऊक असते. शेतकऱ्याला इतके भोळे का समजावे, हा आक्षेप जॉन म्यूथ याने १९६१ मध्ये घेतला, आणि त्यातून 'विवेकी अपेक्षां'चा सिद्धांत पुढे आला. पण त्यातला शेतकरी उलट टोकाला जाऊन फारच जाणता होतो. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावले, डिसेंबरात निर्यातच बंद केली, ती मे २०२४ मध्ये खुली झाली. हे रोप टाकताना कोणत्या विवेकाने ओळखावे? लासलगावच्या लिलावात ट्रॅक्टर उभा असलेल्या माणसाला माल परत नेणे परवडत नाही. त्या सकाळपुरता त्याचा पुरवठा म्हणजे एक उभी रेघ असते.

धनंजयराव गाडगीळांनी गोखले संस्थेतून पुणे शहराची जी सामाजिक-आर्थिक पाहणी करवली, तिचा पहिला भाग १९४५ मध्ये प्रसिद्ध झाला. ती पाहणी घरोघर जाऊन केलेली होती. तिसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी मुलीने तीच जुनी वाट धरली. प्रश्नावलीत तिने गेल्या हंगामाचा भाव, लागवडीचे क्षेत्र, चाळीची क्षमता यांबरोबर एक साधा प्रश्न घातला: कांदाच का लावला? 'बी घरचं होतं', 'विहिरीला पाणी होतं', 'चाळ रिकामी होती' ही उत्तरे शून्य आणि एक या आकड्यांत बसवता आली. अण्णांनी, आणि त्यांच्यासारख्या आणखी काहींनी, उलट तिलाच विचारले होते, 'मग दुसरं काय लावायचं?' त्यासाठी तिने वेगळा रकाना आखला आहे. त्यात आकडा लिहावा की शब्दच राहू द्यावेत, हे मार्गदर्शकांशी अजून ठरायचे आहे.