दुपारचा गड, रात्रीची गाडी

परतीचा दिवस सुटीत धरावा की प्रवासात, हा प्रश्न मध्यमवर्गीय संसारात अजून सुटलेला नाही. त्यातून गाडी रात्रीची असली म्हणजे तर विचारूच नका. सकाळी खोली रिकामी करायची, गाडी दिवेलागणीनंतरची, आणि मधला सबंध दिवस वळकट्यांवर बसून काढायचा! मुलांना शेवटचे एकदा पाण्यात जायचे असते, गृहिणीला ओले टॉवेल कसे वाळवावेत याची चिंता असते, आणि घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला दोन तास आधीच स्टेशनवर जाऊन बसावेसे वाटते.

तारकर्लीला उतरणाऱ्यांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सहा-सात किलोमीटरवर, मालवणच्या समुद्रात उभे आहे. ते उत्तर म्हणजे सिंधुदुर्ग. गेल्या माघात आम्ही तो योग साधला, त्याची ही हकीकत.

तारकर्ली म्हणजे एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला कर्ली नदी आणि मध्ये सुरूच्या बनांची, माडांची एक चिंचोळी पट्टी. पुढे देवबागला नदी समुद्राला मिळते आणि जमीनच संपते. येथे तीन दिवस कसे गेले ते कळले नाही. आणि तसे कळू नये म्हणूनच माणसे येथे येतात. पण आमच्याबरोबर अण्णा होते. अण्णा म्हणजे माझे वडील. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघे कुरकुरणारे. त्यांनी चाळीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला. दरवर्षी चौथीच्या वर्गात फळ्यावर खडूने सिंधुदुर्ग काढला. तट नागमोडी, मध्ये तीन ठिपके. ते ठिपके म्हणजे दूधबाव, साखरबाव आणि दहीबाव. बाव म्हणजे विहीर. एकदा एका पोराने उभे राहून विचारले होते, “गुरुजी, भोवती खारे पाणी, मग ह्या विहिरींचे गोडे कसे? तुम्ही प्यायलात का?” अण्णांनी पुस्तकाच्या भरवशावर पाणी गोडे असल्याचे सांगितले. पण प्यायलो आहे, असे त्यांना सांगता आले नाही. ही गोष्ट त्यांनी मला तारकर्लीच्या वाळूत बसून आदल्या संध्याकाळी सांगितली. “उद्या जमेल का रे?” एवढेच विचारले.

जमवायलाच हवे होते. गाडी कुडाळहून. मालवणहून कुडाळ तासाभराची वाट. सामान आणि म्हातारे माणूस धरून दीड तास. म्हणजे चारला मालवण सोडायचे, हे ठरले. सामान उतारूघराच्या मालकांनी ओसरीवर ठेवू दिले. नऊलाच धक्क्यावर हजर झालो, तर वारा वाढल्यामुळे होड्या थांबवलेल्या! होडीवाल्याने आकाशाकडे पाहून सांगितले, “वारो पडलो तर सोडू.” मालवणात घड्याळ भिंतीवर असते, पण वेळ समुद्राच्या हातात असते. पावसाळ्यात तर प्रवासी होड्या बंदच असतात. सौ. म्हणाल्या, “अहो, अण्णांना काय सांगायचे?” अण्णा मात्र धक्क्यावर छत्री टेकून किल्ल्याकडे पाहत स्वस्थ बसले होते.

कोकण रेल्वे १९९८ साली सबंध मार्गावर धावू लागली. त्यापूर्वी पुष्कळ माणसे मुंबईहून आगबोटीने मालवणला येत. तेव्हा पाहुण्याला किल्ला आधी दिसे आणि गाव मागाहून. आता रेल्वेने येणाऱ्याला किल्ला शेवटच्या दिवशी, गाडीच्या आधीच्या फटीत बसवावा लागतो. आमच्या गाडीचे नाव तरी काय, तर तुतारी! दादर-सावंतवाडी गाडीला २०१७ साली केशवसुतांच्या कवितेवरून हे नाव मिळाले. मराठीच्या प्राध्यापकाने त्या गाडीला उशीर करणे बरे दिसले नसते.

साडेबाराच्या सुमारास वारा पडला आणि होडी सुटली. वाट खडकांमधून आहे. नावाड्याचा हात सुकाणूवर आणि नजर पाण्याखाली. किल्ला जवळ येतो तरी दरवाजा दिसत नाही. तट तटाला असा कवेत घेतो की, शत्रूच्या गलबताला आत शिरायची जागा सापडू नये. होडी अगदी लागते तेव्हा कुठे दरवाजा प्रकट होतो. उतरताना नावाडी बजावतो, “एक तास. मग होडी सुटतली.”

एका तासात काय पाहायचे? कुरटे बेटावरचा हा किल्ला सुमारे ४८ एकरांचा, तटाचा घेर तीन किलोमीटरच्या आसपास. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी महाराजांनी याचा पाया घातला आणि तीनएक वर्षांत तो उभा राहिला. काम हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली झाले. पायाचे चिरे शिसे ओतून बसवले, असे सांगतात. १७६५ साली इंग्रजांनी तो घेतला आणि त्याला ‘फोर्ट ऑगस्टस’ असे नावही दिले. ते नाव आज मालवणात कोणाला आठवत नाही. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतले, त्यांत हाही आहे. एवढा ऐवज, आणि हातात एक तास! कन्येला तटावरून फेरी मारायची होती. मी तिला सौ.बरोबर तटावर धाडले आणि अण्णांचा हात धरून आतल्या पायवाटेला लागलो.

आधी शिवराजेश्वराचे मंदिर. राजाराम महाराजांनी हे उभारले. आतली महाराजांची मूर्ती नेहमीच्या चित्रांतली नव्हे. दाढी नाही आणि डोक्याला नावाड्यासारखी टोपी. अण्णा बराच वेळ हात जोडून उभे राहिले. मी घड्याळाकडे पाहिले. पस्तीस मिनिटे उरली होती.

विहिरीपाशी एक बाई कळशी भरीत होत्या. किल्ल्यात आजही काही घरे नांदती आहेत; पिढ्यान् पिढ्यांचा त्यांचा संसार याच पाण्यावर चालत आला. आमची लगबग पाहून त्या हसल्या. “इतकी घाई कित्याक? किल्लो खंय पळान जाता? आजोबानू, वायच बसा.” गाडीचे सांगितले तर म्हणाल्या, “गाडी रात्रीची ना? मगे?” आणि त्यांनी तांब्या पुढे केला.

अण्णांनी पाणी तोंडात घेतले, घोळवले, गिळले. मग पुन्हा एक घोट घेतला. “गोडे आहे,” ते म्हणाले. त्या आवाजात मला चौथीचा सबंध वर्ग ऐकू आला.

नवल आहे, पण चमत्कार नव्हे. कोकणात पाऊस दांडगा. तो मातीत-खडकात मुरतो, आणि गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असल्यामुळे बेताने उपसले तर वर राहू शकते. जागा निवडणाऱ्यांनी हे जाणले होते. रामचंद्रपंत अमात्यांच्या ‘आज्ञापत्रा’त गड बांधण्याआधी पाणी पाहावे असा दंडक आहे, आणि एकाच झऱ्यावर विसंबू नये असेही बजावले आहे. मी हे वर्गात कित्येकदा शिकवले. पण तीन विहिरींच्या मधोमध उभे राहिल्यावरच त्यातले शहाणपण समजले. तट शत्रूला बाहेर ठेवतो, पण आतल्या माणसाला टिकवते ते पाणी. तोफेला न पडणारा किल्ला तहानेने आठवड्यात पडतो.

आम्ही तटावर चढलो नाही, बुरूज मोजले नाहीत, महाराजांच्या हातापायांच्या ठशांपर्यंतही पोहोचलो नाही. होडी मात्र वेळेवर गाठली. चारला मालवण सोडले. कुडाळची वाट आम्ही धामापूरवरून घेतली. तेथला तलाव १५३० साली नागेश देसाई यांनी बांधला असे सांगतात. भगवतीच्या देवळापाशी दहा मिनिटे थांबलो. अण्णा पाण्याकडे पाहून म्हणाले, “येथेही आधी पाणीच पाहिलेले दिसते.”

वाचकांपैकी कोणी असा बेत करणार असेल, तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. सामान आधी कोठेतरी ठेवून हात मोकळे करा. सकाळी लवकर धक्का गाठा. वारा नडला तर दुपार हाताशी राहते. बरोबर थोर माणसे असतील तर तटाच्या फेरीचा हट्ट नको. आणि तासभरच मिळाला तर सगळा किल्ला धावत पाहण्यापेक्षा त्या विहिरींपाशी दहा मिनिटे बसा. तट होडीतूनही दिसतो. पाणी मात्र आत गेल्यावाचून कळत नाही.