मिक्सरच्या झाकणाची रिंग

मे महिन्यात आमच्या निमोण्यात देवळाच्या मंडपात मुलांचं आठ दिवसांचं शिबिर होतं. सकाळी हरिपाठ, पखवाज, दुपारी झोपेचं सोंग, संध्याकाळी लंगडी. स्वयंपाकाला आम्ही पाच जणी. पुण्याहून आजोळी आलेल्या सात वर्षांच्या एका मुलाचं नाव घालताना त्याच्या आईनं मला बाजूला घेतलं. "काकू, ह्याला शेंगदाणा अजिबात चालत नाही. चिमूटभरसुद्धा." मी म्हटलं, "नाही देणार गं, निर्धास्त राहा." माझ्या डोळ्यांपुढे भाजलेला, मुठीतला दाणा होता.

पण आमच्या जेवणात दाणा दिसतो कुठे? तो कूट होऊन जातो. कोशिंबिरीत, वांग्याच्या रश्शात, मेथीत, चटणीत. भाजी पातळ झाली, घाल कूट. तिखट झाली, घाल कूट. वर तेलही घाण्याचं, दाण्याचंच.

दोन दिवस त्याचं सगळं वेगळं केलं. तिसऱ्या दिवशी खास त्याच्यासाठी खोबरं-कोथिंबिरीची चटणी वाटली. भांडं धुतलेलं होतं, मीच धुतलं होतं. दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले, अंगभर गांधी उठल्या, ओकारी झाली, मग आवाज घोगरा झाला. कुणी म्हणालं ऊन लागलं, कांदा हुंगवा. कुणी आमसूल भिजत घातलं. मामानं गाडी काढली आणि आम्ही शिरूर गाठलं. जुनी माणसं अजून त्याला घोडनदीच म्हणतात. आई मागं पोराला मांडीवर घेऊन बसलेली. सगळ्या वाटेत ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, आणि तेच बरं होतं.

डॉक्टरांनी आधी मांडीत ॲड्रेनॅलिनचं इंजेक्शन दिलं, मग काय खाल्लं ते विचारलं. पुन्हा उलटू शकतं म्हणून रात्रभर ठेवून घेतलं. मला म्हणाले, "मावशी, हे पथ्य नव्हे, ॲलर्जी आहे. गोळीनं खाज थांबते. श्वास अडकायला लागला की गोळीची वाट बघायची नाही." परदेशात अशी मुलं पेनासारखं तयार इंजेक्शन दप्तरात बाळगतात. आपल्याकडे ते सहज मिळत नाही.

घरी येऊन मिक्सरचं झाकण उलटं केलं. सुरीच्या टोकानं रबरी रिंग उचकटली. खाली पिवळसर, वाळलेला कुटाचा थर, नखानं खरवडावा लागेल इतका. किती महिन्यांचा, देव जाणे.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, शिबिर संपेपर्यंत मंडपात कूट येणार नाही. भांडण झालं. "एका पोरापायी साठ पोरांनी बेचव खायचं?" म्हाताऱ्यांचं तर ठरलेलंच, थोडं थोडं दिलं की सवय होते. ही सवय घरच्या घरी लावायची नसते, हे मला डॉक्टरांनी सांगितलं नसतं तर मीही तेच म्हटलं असतं. कुटाऐवजी तीळ घालू का, तेही आधी आईला विचारलं. सूर्यफुलाचं तेल आणलं. खरी कसोटी एकादशीची: कुटाशिवाय साबुदाणा म्हणजे नुसता गोळा. मग भगर, बटाट्याची भाजी आणि ताक केलं. पोरांनी दोनदा मागून घेतलं, हे मी मुद्दाम त्या भांडणाऱ्या बाईला ऐकवलं.

खाऊचं जास्त अवघड गेलं. बंद पाकिटावर दाणा असल्याचं छापलेलं तरी असतं; घरून आणलेल्या लाडवावर काय छापणार? शेवटी सगळ्यांचा खाऊ एका डब्यात, आणि डबा माझ्याकडे.

त्या मुलासाठी घेतलेलं मिक्सरचं नवं भांडं अजून माझ्याकडे आहे, कानाला लाल दोरा बांधलेलं. परवा जाऊबाईंनी कूट करायला मागितलं. नाही दिलं.