आमचा बादल

वार्षिक अंकासाठी काहीतरी लिहून द्या, असे सरांनी वर्गात सांगितले आणि माझ्यापुढे प्रश्न उभा राहिला. प्रवासवर्णन लिहावे, तर माथेरान ते कर्जत यापलीकडे माझा प्रवास नाही. शेवटी ठरवले, घरच्या घोड्याविषयीच लिहावे.

आमच्या घरात घोडा म्हणजे कमावता माणूस. माथेरानात मोटारींना बंदी आहे. गाड्या दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे अनेक पर्यटक घोड्यावर बसून गावात येतात. आजोबांपासून आमचा हाच धंदा. घरातून कॉलेजची पायरी चढणारा मी पहिलाच, आणि माझी फी आली ती मोतीच्या पाठीवरून. गेल्या मे महिन्यात, ऐन हंगामात, मोती पोटशुळाने गेला. बाबा दोन दिवस तबेल्याकडे फिरकले नाहीत.

नवा घोडा घेणे भागच होते, पण तयार घोड्याची किंमत परवडेना. तेव्हा शेजारच्या चाचांनी पुण्याहून बातमी आणली. शर्यतीतून काढलेला सहा वर्षांचा एक घोडा होता. पुढच्या पायाची शीर दुखावून बरी झाली होती, मात्र शर्यतीचा वेग त्याला आता झेपणार नव्हता. बाबांनी कर्ज काढले. जूनच्या सुरुवातीला ट्रकमधून तो दस्तुरीवर उतरला. उंच, तांबूस, कातडी रेशमासारखी, आणि डोळ्यांत नुसती भीती. त्याचे शर्यतीतले इंग्रजी नाव आईला उच्चारता येईना, म्हणून तिने 'बादल' नाव ठेवले.

"दिवाळीपर्यंत माणसाळला तर ठीक, नाहीतर विकू," बाबा म्हणाले. थोड्या वेळाने हळूच पुढे म्हणाले, "मग तुझ्या कॉलेजचंही बघावं लागेल." त्यांचा गुडघा आता घोड्यामागे धावू देत नाही, हे मला ठाऊक होते.

चाचांनी तरुणपणी महालक्ष्मीच्या तबेल्यांत मोतद्दाराचे काम केले होते. त्यांनी पहिलाच हुकूम सोडला, "तीन आठवडे पाठीवर कोणी बसायचं नाही." शर्यतीच्या घोड्याची चंदी जड असते. ती एकदम तोडली तर पोट बिघडते. मोती असाच गेलेला, त्यामुळे मी मूठ-मूठ मोजून चंदी कमी करत गेलो आणि गवत वाढवत गेलो. पातळ शर्यती नाल काढून नालबंदाने जाड लोखंडी नाल ठोकले. रात्री तो एकटा उभ्या-उभ्या झोके घ्यायचा, खिंकाळायचा. मग आईने आमची शेळी त्याच्याजवळ बांधली. तिसऱ्या रात्री तबेला शांत झाला. शेळीशी त्याची दोस्ती जमली, माझ्याशी मात्र जमेना.

मी रिकिबीत पाय घातला की तो चालू लागे. मला वाटे, हा मुद्दाम करतो. चाचा म्हणाले, "बेटा, जॉकीला दुसरा माणूस पाय धरून वर चढवतो, घोडा चालतच असतो. त्याला हेच माहीत."

ऑगस्टमध्ये पावसाने थोडी उघडीप दिली तेव्हा मी त्याला ऑलिंपियाच्या मैदानाजवळून नेत होतो. मोकळी जागा दिसली मात्र, बादल उधळला! मी जीव खाऊन लगाम ओढला. जितका ओढावा तितका तो जोरात पळे. शेवटी मी चिखलात आणि तो मैदानाच्या दुसऱ्या टोकाला. कोपर फुटले होते. पण रडू आले ते कोपरासाठी नव्हे. विकण्याचे बोलणे त्या रात्री घरात पुन्हा निघाले.

चाचांनी मला समजावले, "तू लगाम ताणून थांब म्हणतोस. त्याला शिकवलंय, लगाम ताणला की त्यावर रेलायचं आणि पळायचं. तो तुझं ऐकतच होता."

हे वाक्य माझ्या मनात घर करून राहिले. पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला माझे नाव पुकारले की मी उभाच राहत असे, तोंडातून शब्द फुटत नसे. मला येत नाही असे सगळ्यांना वाटे. मला फक्त तेथली रीत ठाऊक नव्हती. आणि मीच बादलला हट्टी ठरवून बसलो होतो!

दुसऱ्या दिवसापासून ओढायचे, लगेच सोडायचे, आवाज द्यायचा, लहान वर्तुळात फिरवायचे, असे सुरू केले. सकाळी एक तास तो, मग कॉलेज. कैकदा पहिला तास बुडाला, त्याबद्दल सरांची माफी मागतो. एका रात्री उठलो तर तबेल्यात बाबा होते. मोती गेल्यापासून प्रथमच त्यांच्या हातात गूळ होता, आणि बादल तो ओठांनी हळूच उचलत होता. मी न बोलता परत येऊन झोपलो.

दिवाळीच्या सुट्टीत त्याच्या पाठीवर पहिले गिऱ्हाईक बसले, सात-आठ वर्षांची एक मुलगी. ऑलिंपियाजवळ येताच बादलचे कान टवकारले, मान वर गेली. माझ्या हातात घाम फुटला. पण मी दोरी ताणली नाही; सैल सोडली आणि "चल बाबा" म्हणालो. त्याने मैदानाकडे एकदा पाहिले, जोरात फुरफुरला आणि माझ्यामागून चालू लागला.

कर्जाचे हप्ते अजून फिटायचे आहेत. २०२२ च्या डिसेंबरात ई-रिक्षांची चाचणी सुरू झाली, तेव्हापासून आमच्या धंद्याचे पुढे काय, ही चर्चा घरोघर आहे. त्याचे उत्तर माझ्यापाशी नाही. पण बादल विकलेला नाही, आणि माझे नाव अजून हजेरीपटावर आहे.