त्रास काही नाही ना?

माझ्या आईची नजर 6/6 आहे आणि तिला काचबिंदू आहे. फाइलच्या एकाच पानावर या दोन्ही गोष्टी लिहिल्यात आणि दोन्ही खऱ्या आहेत. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता स्नेलेन नावाच्या डच डॉक्टरांनी 1862 मध्ये तयार केला. समोरचं बारीक किती दिसतं, एवढंच तो मोजतो. काचबिंदूत डोळ्यामागची नस हळूहळू मरते आणि नजर बहुतेकदा कडेकडेनं जाते. त्यामुळे आई आजही सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते, आणि उठून आत जाताना दाराच्या चौकटीवर खांदा आपटते.

दर तीन महिन्यांनी तपासणी असते. प्रेशर बघतात, अधूनमधून फील्ड टेस्ट होते, आणि शेवटी डॉक्टर विचारतात, "त्रास काही नाही ना?" आई म्हणते, "नाही." बाहेर पन्नास पेशंट बसलेले असतात, त्यामुळे डॉक्टरांचंही चुकत नाही. पण मी पोटापाण्यासाठी फॉर्म आणि स्क्रीन बनवतो. आमच्या भाषेत सांगायचं तर हा आधीच टिक करून ठेवलेला चेकबॉक्स आहे.

यंदा फील्ड टेस्ट आणखी बिघडली. डॉक्टर म्हणाले, ड्रॉप्सची तिसरी बाटली वाढवू किंवा डाव्या डोळ्याचं ऑपरेशन करू. मोतीबिंदूसारखं नाही हे. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली टिकावी म्हणून प्रेशर उतरवायचं. थोडा धोकाही आहे. घरी विचार करून सांगा.

विचार कशाच्या आधारावर करायचा? फाइलमधले आकडे डोळ्याबद्दल होते, आईच्या दिवसाबद्दल एकही नव्हता. म्हणून हे मोजतात कसं ते वाचायला लागलो.

जगभर वापरली जाणारी ईक्यू-5डी नावाची प्रश्नावली आहे. चालणं-फिरणं, स्वतःचं आवरणं, रोजची कामं, वेदना, चिंता-नैराश्य असे पाच विषय. डोळ्यांबद्दल एकही प्रश्न नाही. ब्रिटनमधल्या 'लाइट' चाचणीत नव्यानं निदान झालेल्या 718 रुग्णांपैकी काहींना आधी ड्रॉप्स दिले, काहींना आधी लेझर. 2019 मध्ये निकाल आला. तीन वर्षांनंतर लेझरवाल्या जवळपास तीन चतुर्थांश लोकांना ड्रॉप्सची गरज नव्हती. ईक्यू-5डीच्या गुणांत मात्र दोन्ही गट सारखेच. रोजची बाटली सुटली, ही गोष्ट त्या पाच प्रश्नांत मावलीच नसावी.

खास डोळ्यांसाठी अमेरिकेत 25 प्रश्नांची प्रश्नावली झाली. तिच्यात गाडी चालवण्याबद्दल विचारतात. आई आयुष्यात सायकलवरही बसलेली नाही. मग भारतात लोकांशी बोलून तयार केलेली 33 प्रश्नांची प्रश्नावली सापडली. रस्त्यातले खड्डे दिसतात का? समोरून येणारं जनावर, वाहन? उन्हातून घरात आल्यावर? रात्री बाहेर पडायची भीती वाटते का? आपण दुसऱ्यांवर ओझं आहोत असं वाटतं का?

एका रविवारी हे प्रश्न मी आईला आमच्या भाषेत विचारले. "त्रास नाही" म्हणणारी आई पाऊण तास बोलत होती. गुरुवारच्या भजनाला ती तीन महिने गेलेली नव्हती. आम्हाला सांगितलं होतं, गुडघे दुखतात. खरं कारण मारुतीच्या देवळाआधीचं वळण होतं. तिथे बाजूनं येणारी स्कूटर तिला अंगावर आल्यावरच दिसते. ड्रॉप्स घातल्यावर तासभर इतकी जळजळ होते की शिवण बाजूला ठेवावं लागतं, हेही त्याच दिवशी कळलं.

सगळ्यात अवघड प्रश्न शेवटी ठेवला होता. ही पद्धत 1972 मध्ये कॅनडातल्या संशोधकांनी मांडली. समजा तुझी 20 वर्षं उरलीत. नजर अगदी पूर्ण चांगली मिळेल, पण बदल्यात काही वर्षं द्यावी लागतील. किती देशील? चार दिली तर 16 भागिले 20, म्हणजे सध्याच्या जगण्याची किंमत 0.8. एखाद्या उपचारावर सरकारनं पैसा खर्च करावा का, इथपर्यंत हे आकडे पोचतात. अमेरिकेत, म्हातारपणी डोळ्याचा पडदा झिजण्याच्या आजाराबद्दल हाच प्रश्न रुग्णांना आणि नेत्रतज्ज्ञांना विचारला, तेव्हा डॉक्टरांना वाटलं त्यापेक्षा रुग्णांचं जगणं जास्त खालावलेलं निघालं.

आई म्हणाली, "वर्षं माझी कुठे आहेत द्यायला?"

मला ताप आला की "माझं आयुष्य तुला लाभो" म्हणून मोकळी होणारी हीच बाई. स्वतःच्या डोळ्यांसाठी तिनं एक दिवसही दिला नाही. गणितात याचा अर्थ होतो 1.0, म्हणजे हिला काहीच त्रास नाही. पुन्हा तोच चेकबॉक्स.

मग वर्षं सोडली आणि दोन-दोन गोष्टी समोर ठेवून विचारलं. हेही संशोधक करतात. पेपर वाचणं की एकटीनं बाहेर जाणं? शिवण की बाहेर जाणं? तिनं दर वेळी बाहेर जाणं निवडलं. "शिवण कमी केलं तरी चालेल. पण संध्याकाळी कुणाला 'सोडतोस का रे' म्हणायला लागू नये."

हे तिच्याच शब्दांत चार ओळींत लिहून फाइलच्या वर लावलं. डॉक्टरांनी वाचलं, पेन खाली ठेवलं, आणि त्या वळणाबद्दल विचारलं. ऑपरेशननं ते वळण पुन्हा सोपं होणार नाही, हे त्यांनी स्पष्ट सांगितलं. जळजळ कमी व्हावी म्हणून प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ड्रॉप्स लिहून दिले.

आई रिक्षात म्हणाली, "आहे तेवढं टिकवायचं तर आत्ताच करू. एकटीनं जाता येतंय तोवर." दिवाळीच्या ब्लाउजच्या ऑर्डरी हातावेगळ्या झाल्या की तारीख घ्यायची, असं ठरलं, डॉक्टरही तेवढं थांबायला तयार झाले. मी जिन्याच्या पायऱ्यांच्या कडांना पिवळी पट्टी चिकटवली. गुरुवारी शेजारच्या काकू वळणापर्यंत सोबत असतात. पुढचं ती एकटी जाते.